लहान विमानानं मिशन केंद्रावर: खान्देशातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नंदुरबार, नवापूर, धुळे, भुसावळ इथल्या ख्रिस्ती मंडळीतून कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी हातपंप दुरुस्त करणारा मेकॅनिक परदेशातल्या मिशन केंद्रावर सेवेला निघतो, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: तिथं पोचणार कसं? मुंबईपर्यंतचं आणि तिथून पुढच्या मोठ्या विमानाचं सांगणारे बरेच भेटतात. शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे एका इंजिनाच्या आठ-दहा माणसांच्या विमानाचं सांगणारं सहसा कोणी नसतं. हा लेख त्या टप्प्यासाठी आहे.

उदाहरणाला मी युगांडाच्या ईशान्य कोपऱ्यातला करामोजा घेतो. केनिया आणि दक्षिण सुदानच्या सीमांना लागून असलेला हा कोरडा मुलूख गुरं पाळणाऱ्या करामोजोंग लोकांचा आहे. कंपालाहून तिकडच्या काबोंगला रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडतो, पावसात त्याहून जास्त. लहान विमानानं दीड-दोन तासांत पोचता येतं. तुमची फेरी पापुआ न्यू गिनीला, मादागास्करला किंवा चाडला असेल तर कागदपत्रं वेगळी लागतील; वजन, हवामान आणि धावपट्टी यांचे नियम मात्र सगळीकडे हेच.

हे विमान कोणासाठी उडतं

मिशनच्या सेवेसाठी विमानं उडवणाऱ्या संस्थांमध्ये मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ, सर्वांत जास्त ठिकाणी आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी १९४५ साली ती अमेरिकेत उभी केली. तिचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये बेटी ग्रीन या महिला वैमानिकेनं मेक्सिकोकडे केलं. युगांडात एमएएफची विमानं कंपाला आणि एन्टेबे यांच्या मधल्या काजांसी धावपट्टीवरून सुटतात. केनियात एआयएम एअर ही अशीच दुसरी संस्था नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडते.

अक्कलकुवा-अक्राणीकडच्या लोकांनी सरदार सरोवराच्या फुगवट्यातून नर्मदाकाठच्या पाड्यांवर जाणारा तरंगता दवाखाना पाहिला आहे. हे विमान तसंच समजा. ते आधी रुग्णाचं, लसीच्या पेटीचं, शाळेच्या वह्यांचं आहे, आणि उरलेल्या जागेत तुम्ही बसता. एवढं मनात नीट बसलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. सामान कमी का, वेळ अचानक का बदलते, तुमची जागा ऐनवेळी दुसऱ्याला का जाते, यातलं काहीच मग अन्याय वाटत नाही.

म्हणून या विमानाचं तिकीट आपण आपलं काढायचं नसतं. ज्या केंद्रावर जायचं आहे ते केंद्र किंवा तिथली मंडळी तुमच्यासाठी जागा मागते. तुमच्या पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं पत्र, यजमान संस्थेचं निमंत्रण आणि तुम्ही तिथं नेमकं काय काम करणार याचं चार ओळींचं टिपण आधी पाठवा. "देवाची सेवा करायला येतो" एवढंच लिहिलेलं पत्र यजमानांच्या उपयोगाचं नसतं. "दोन परिचारिका, बाळंतपणाच्या वॉर्डाचा अनुभव, सहा आठवडे" असं लिहिलेलं असतं.

तीन-चार महिने आधी: कागद आणि तब्येत

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने शिल्लक हवी. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टावर आडनावाची जागा रिकामी असते, नाही तर शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असतं. हे आत्ताच दुरुस्त करा. व्हिसा, लसीचं कार्ड आणि लहान विमानाची प्रवासी यादी, तिन्हींवर पासपोर्टावरचंच नाव त्याच स्पेलिंगनं यायला हवं.

युगांडाचा व्हिसा ऑनलाइन काढायचा असतो. नुसती भेट देणं वेगळं आणि काम करणं, मग ते बिनपगारी का असेना, वेगळं. त्यासाठी कोणता परवाना लागतो हे यजमानांनाच विचारा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. डॉक्टर-परिचारिकांना तिथल्या वैद्यक आणि परिचारिका परिषदांकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी पदवी आणि नोंदणीच्या साक्षांकित प्रती लागतात, आणि या कामाला आठवडे लागतात.

पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची, लस टाळता येत नाही. युगांडात शिरताना तिचं कार्ड मागतात आणि परत येताना भारतातही मागतात. कार्ड नसेल तर आपल्याच देशात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांवर मिळते. खान्देशातून त्यासाठी मुंबईची एक वेगळी फेरी धरून चाला आणि आधी वेळ घेऊन जा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बाईनं, साठी ओलांडलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लसीआधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावं.

मलेरियाचं आपल्या सातपुड्यातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं, असं वाटेल. पण तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा असतो आणि आपल्याकडच्या जुन्या सवयीची क्लोरोक्विन तिथं चालत नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, किती आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावर किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. घरी आलो म्हणजे संपलं असं समजून त्या मध्येच सोडणारे बरेच असतात.

आता एक गोष्ट खास आपल्या भागासाठी, आणि ती वगळून कृपया पुढं जाऊ नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, गावित समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. लहान विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो. विमान दहा हजार फुटांच्या आसपास उडतं, तेव्हा आत तेवढ्या उंचीचीच विरळ हवा असते. सिकलसेलचा आजार असलेल्या, म्हणजे एसएस माणसाला कमी ऑक्सिजननं जोराच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. अजून केली नसेल तर आधी करून घ्या. तुम्ही फक्त वाहक, म्हणजे एएस असाल तर बहुधा अडचण येत नाही, तरी पाणी भरपूर प्यायचं आणि डॉक्टरांना आधी सांगायचं. एसएस असाल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय या विमानात बसू नका. सेवेची हौस कितीही असो, डोंगरावरच्या धावपट्टीवर तुम्हीच रुग्ण झालात तर तुमच्यासाठी दुसऱ्या कोणाची खाट रिकामी करावी लागते. तीव्र रक्तक्षय आणि हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनाही हेच लागू.

प्रवासाचा विमा काढताना आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचून बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

सामान: सगळ्यात लहान विमान धरून बांधा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांची जास्तीत जास्त ओढाताण इथंच होते.

मुंबईहून जाणारं मोठं विमान एकेकाला दोन-दोन जड बॅगा नेऊ देतं. जळगावहून मुंबईला जाणाऱ्या एटीआर या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या विमानात साधारण पंधरा किलो चालतात. मिशनच्या लहान विमानातही बहुतेक वेळा पंधराच्या आसपासच परवानगी असते आणि त्यात हातातली पिशवीही मोजतात. नेमका आकडा बुकिंगच्या कागदावर असतो. तो आधी पाहा आणि मग घरातली बॅग उघडा. मुंबईची मर्यादा धरून बांधलेलं सामान काजांसीला उघडून निम्मं मागं ठेवावं लागतं.

एवढी काटेकोर मोजणी का, तेही समजून घ्या. या कामात खूप वापरलं जाणारं विमान म्हणजे सेस्ना कॅरावॅन. एक इंजिन, वर पंख, खाली न मिटणारी चाकं आणि पोटाला बांधलेली सामानाची लांबट पेटी. ग्रँड कॅरावॅनचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन चार हजार किलोच्या आत ठेवावं लागतं. त्यात विमान स्वतः, इंधन, वैमानिक, माणसं आणि सामान सगळं आलं. सामान वाढलं की इंधन कमी भरावं लागतं, आणि इंधन कमी म्हणजे धावपट्टी ओली निघाली तर दुसरीकडे वळायला हातात वेळ कमी. शिवाय उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. गावाजवळची मुरमाची धावपट्टी तर आधीच आखूड असते. तुमच्या बॅगेतले जास्तीचे पाच किलो थेट या हिशेबात जाऊन बसतात.

तेव्हा घरीच वजन करा. किराणा दुकानातला किंवा आडतीवरचा काटा वापरा, न्हाणीघरातल्या काट्यावर फार विसंबू नका. स्वतःचंही वजन बूट, जॅकेट, कंबरेचा पाऊच सगळं अंगावर घेऊन करा आणि खरं तेच कळवा. धावपट्टीवर तुम्हाला बॅगेसह पुन्हा काट्यावर उभं करतात. यात लाजण्यासारखं काही नाही. पाळक असोत की सर्जन, सगळेच त्या काट्यावर चढतात.

बॅग मऊ कापडाची घ्या. कडक सूटकेस विमानाच्या पोटातल्या पेटीत बसत नाही. कपडे तीन जोड पुरतात, तिथं धुवून वाळतात. जड बूट पायात घाला. टॉर्च, मच्छरदाणी, स्वतःची औषधं, कागदांच्या झेरॉक्स आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या लहान पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानानंही येऊ शकते. सोबत तिकडच्या प्लगसाठी ॲडॅप्टर घ्या. युगांडात आपल्या गोल पिनांऐवजी तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो.

खाण्याचं विचाराल तर खान्देशातून नेण्याजोगी सर्वांत शहाणी वस्तू म्हणजे बिबडी, आपला ज्वारीचा पापड. हलकी, कोरडी, टिकाऊ, आणि निखाऱ्यावरसुद्धा भाजता येते. मात्र डब्यात भरून न्या, नाही तर चुरा होईल. कोरडी शेंगदाण्याची चटणी, थोडी तिखट शेव, कळण्याचं थोडं पीठ चालेल. तेलाचं लोणचं नको: उंचीवर बाटलीतली हवा फुगते, झाकणातून तेल सुटतं आणि सगळ्यांच्या सामानाला लागतं. काबोंगला मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो आणि घेवड्याची उसळ रोज मिळते, आणि युगांडात चपातीही सर्रास खातात, तेव्हा उपाशी कोणी राहत नाही. कुठलंही बियाणं नेऊ नका. चांगल्या मनानं दादर ज्वारीचं किंवा गावरान वांग्याचं बी न्यावंसं वाटतं, पण परवानगीशिवाय ते दुसऱ्या देशात नेणं बेकायदा आहे.

उपासनेसाठी पेटी किंवा ढोलकी न्यायचा आग्रह तरुण मंडळी धरतात. नेऊ नका. हार्मोनियमच्या वजनात कितीतरी सलाइनच्या बाटल्या जातात, आणि गाणं-वाजवणं करामोजाला बाहेरून आणून द्यावं लागत नाही. लहान छपाईचं पवित्र शास्त्र न्या किंवा फोनमध्ये ठेवा.

भेटवस्तूंचंही तसंच. मुलांसाठी चॉकलेट, जुने कपडे, खेळणी गोळा करून नेण्यापेक्षा केंद्राला आधी विचारा, "दोन किलो जागा आहे, काय आणू?" बऱ्याचदा उत्तर अगदी साधं येतं: रक्तदाबयंत्राचा कफ, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, शिलाई मशीनच्या सुया. औषधं न्यायची तर तिथल्या औषध प्राधिकरणाची परवानगी, मुदत संपायला पुरेसा अवकाश आणि नाव-प्रमाणासह छापील यादी हवी. दवाखान्यातली उरलेली नमुन्याची औषधं पिशवीत कोंबून नेणं ही सेवा नव्हे.

काही गोष्टी वजनाच्या कारणानं नाही, धोक्याच्या कारणानं बंद आहेत: गॅसची डबी, रॉकेल, काडेपेट्या, फटाके, रंगाचे स्प्रे, ब्लीच आणि स्पिरिटच्या मोठ्या बाटल्या. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या नेहमी हातातल्या पिशवीत, पोटातल्या पेटीत कधीच नाहीत. ड्रोन घरीच ठेवा.

खान्देश ते काजांसी

जळगावच्या विमानतळावरून उडान योजनेतली विमानं सुटतात, पण त्यांचं वेळापत्रक बदलत असतं आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते. तेव्हा जळगावचं विमान आणि मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी जोडून धरू नका. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरतमार्गे रेल्वेच सोयीची, भुसावळ-जळगावकडच्यांना मध्य रेल्वेच्या भरपूर गाड्या आहेत. आदल्या दिवशी मुंबई गाठा. तरीही कधी विमानातच बसला नसाल तर जळगावच्या एटीआरनं जाण्यात एक फायदा आहे: पंख्याचं विमान, मागच्या दारानं चढणं, इंजिनाचा आवाज आणि कमी उंचीवरचे हादरे यांची थोडी ओळख होते.

मुंबईहून एन्टेबेला युगांडा एअरलाइन्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट सेवा सुरू केली. तिकीट काढताना ती त्या दिवशी आहे का ते बघा, नाही तर नैरोबी किंवा आखाती शहरांवरून जाता येतं. एन्टेबेला उतरल्यावर त्याच दिवशी पुढचं लहान विमान घ्यायचा विचारही नको. रात्रभराचा प्रवास, वेळेतला अडीच तासांचा फरक, कधी उशिरा आलेली बॅग. कंपाला परिसरात मिशनच्या अतिथिगृहात किमान एक रात्र काढा. डॉलर नेणार असाल तर नव्या छापाच्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या किंवा चुरगळलेल्या नोटा बदलून द्यायला तिथं नकार देतात. काबोंगसारख्या ठिकाणी लागणारे शिलिंग कंपालातच करून घ्या.

उड्डाणाची सकाळ

ही विमानं बहुतेक सकाळी लवकर उडतात. जमीन तापली की गरम हवा उसळते आणि विमान जास्त हादरतं, दुपारनंतर ढगही चढतात. गावाकडच्या धावपट्ट्यांवर दिवे नसतात, वैमानिकाला डोळ्यांनी पाहूनच उतरायचं असतं, त्यामुळे अंधार पडायच्या आत परतीचा हिशेबही बसवावा लागतो. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. तुमच्या दहा मिनिटांच्या उशिरामुळे त्या दिवसाचं शेवटचं गाव कधीकधी राहून जातं.

नाश्ता हलका करा: केळं, ब्रेड, थोडा चहा. उपाशीपोटी मळमळ वाढते आणि तळलेल्यानंही वाढते. गाडी लागणाऱ्यांनी एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून उड्डाणाच्या तास-दोन तास आधी घ्यावी. तिनं झोप येते, हे लक्षात असू द्या. विमानात शौचालय नसतं, म्हणून निघण्याआधी जाऊन या. पण त्या धास्तीनं पाणी तोडू नका. घोटघोट पीत राहा. नाक गच्च असेल किंवा कान दुखत असेल तर वैमानिकाला आधी सांगा. उतरताना बंद कानावर दाब येतो आणि पडदा फाटू शकतो.

कोणी कुठं बसायचं ते वैमानिक ठरवतो. वजनाचा तोल पुढे-मागे बरोबर राहावा म्हणून तो जागा वाटतो. नवरा-बायकोला एकत्र बसायचं आहे किंवा खिडकी हवी आहे, असा आग्रह धरू नका. कधीकधी वैमानिकाशेजारची पुढची जागा प्रवाशाला मिळते. तिथं समोरचा दांडा आणि पायाखालची पेडलं सारखी हलत असतात. त्यांना हात, पाय, ओढणी, पिशवी, काहीही लागू देऊ नका.

सगळ्यांत महत्त्वाचं, पंखा. फिरणारा पंखा दिसत नाही, आणि थांबलेला पंखासुद्धा अचानक फिरू शकतो असंच समजून वागायचं. विमानाच्या नाकाकडे कधीच जायचं नाही, सांगतील त्याच बाजूनं, मागच्या अंगानं, दाराकडे यायचं. टोपी उडाली तरी तिच्यामागं धावायचं नाही. सोबत लेकरू असेल तर त्याचा हात उतरून लांब जाईपर्यंत सोडायचा नाही. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही निस्तरता येत नाही.

उडण्याआधी वैमानिक पट्टा, दारं, अग्निशामक, उलटीची पिशवी सगळं दाखवतो. ऐका, आणि पट्टा एकदा स्वतः काढून-लावून बघा. खांद्यावरून येणारा पट्टा पहिल्यांदा गोंधळात टाकतो. एमएएफच्या विमानात उडण्यापूर्वी वैमानिक बहुधा थोडक्यात प्रार्थना करतो. त्यात मनापासून सामील व्हा. आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्याच्या दहा मिनिटांच्या साक्षीची ती वेळ नव्हे.

हवेत आणि उतरताना

आवाज मोठा असतो, कानात घालायचे बोळे असू द्या. मळमळ वाटली तर लांब क्षितिजाकडे बघा, फोन बाजूला ठेवा, डोक्यावरची हवेची जाळी तोंडाकडे वळवा. पिशवी हातातच ठेवा आणि लागली तर संकोच न करता वापरा. हादरे बसतात तेव्हा विमान खाली पडतंय असं वाटतं. ते वर-खाली जाणाऱ्या हवेबरोबर हलत असतं, एवढंच. पट्टा घट्ट असला की झालं.

उतरतानाच्या काही गोष्टी आधी माहीत असल्या तर जीव घाबरा होत नाही. वैमानिक पुष्कळदा धावपट्टीवरून एकदा अगदी खालून उडून जातो आणि पुन्हा वर घेतो. गुरं, शेळ्या, मुलं, पाण्याची डबकी तो बघत असतो. त्या आवाजानं गुरं बाजूलाही होतात. खाली आल्यावर जमत नाही असं वाटलं तर तो पूर्ण ताकदीनं पुन्हा वर उचलतो. सावध वैमानिक असंच करतो, त्यात संकट काही नाही. चाकं टेकण्याच्या क्षणी भोंगा वाजू शकतो. वेग पुरेसा कमी झाल्याची ती सूचना असते. टेकल्याबरोबर इंजिन एकदम मोठ्यानं गुरगुरतं, कारण पंख्याची पाती उलट कोनात वळवून वैमानिक वेग मारत असतो. नंतर मुरमाचा खडखडाट आणि धूळ.

आणि कधी, अर्ध्या वाटेवर आल्यावरसुद्धा, वैमानिक मागं फिरतो. करामोजात साधारण एप्रिलपासून पावसाचे महिने असतात. धावपट्टी भिजली की चाकं रुततात. केंद्रावरचा माणूस सकाळी धावपट्टीवर चालून, टाच रुतवून बघतो आणि रेडिओ किंवा फोनवर कळवतो. त्यानं "नको" म्हटलं की विषय संपला. "आम्ही इतक्या लांबून आलोय, एकदा प्रयत्न करून बघा," असं वैमानिकाला कोणीही म्हणू नये, गटाच्या पुढाऱ्यानं तर मुळीच नाही. दबावाखाली घेतलेल्या निर्णयांनी लहान विमानांचे अपघात झाले आहेत. मिशन संस्था आपल्या वैमानिकांना "नाही" म्हणायला शिकवतात, तेव्हा आपण त्यांना "हो" म्हणायला भाग पाडू नये.

पोचल्यावर

पंखा पूर्ण थांबेपर्यंत आणि वैमानिक दार उघडेपर्यंत बसून राहा. खाली उतरलात की सामान उतरवायला हात लावा आणि विमानापासून लांब व्हा. पंखाखाली गटाचा फोटो काढत वैमानिकाला ताटकळत ठेवू नका, त्याला ऊन चढायच्या आत पुढं जायचं असतं. तुम्ही उतरताच तुमच्याच जागेवर एखादी अडलेली बाळंतीण किंवा हात मोडलेलं पोर चढताना दिसेल. त्यांना वाट करून द्या आणि फोटो काढू नका. विमानतळ, सैनिक, पोलीस यांचेही फोटो नकोत. विमान उतरलं की सगळं गाव जमतं, तेव्हा वाकून, हात मिळवून सगळ्यांना भेटा. थैलीतून गोळ्या-बिस्किटं काढून वाटायला लागलात तर पुढच्या प्रत्येक विमानाभोवती मुलं पंख्याकडे धावतील.

परतीची तारीख

परतीच्या लहान विमानाची तारीख पक्की धरू नका. गंभीर रुग्ण निघाला तर तुमची जागा त्याला जाते, आणि ती आनंदानं द्यायची. म्हणून काबोंगहून निघणं आणि एन्टेबेहून आंतरराष्ट्रीय विमान यांच्यात किमान दोन मोकळे दिवस ठेवा, पावसाच्या महिन्यांत तीन. तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. गावाकडे नोकरीवर हजर व्हायची तारीख, बहिणीचं लग्न, नाताळची उपासना, यांपैकी काहीही परतीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. घरच्यांनाही सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, आणि यजमान संस्थेच्या कंपालातल्या कार्यालयाचा नंबर त्यांच्याकडे लिहून ठेवा.

परत निघताना उरलेली औषधं, मच्छरदाणी, टॉर्च, चांगले बूट केंद्राला विचारून तिथंच ठेवता येतात. रिकामी बॅग वैमानिकालाही बरी. यलो फीव्हरचं कार्ड मात्र पासपोर्टसोबत हातात ठेवा. मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलावर ते दाखवायचं असतं, आणि तेव्हा ते मोठ्या बॅगेत असून चालत नाही.

घरी आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर अंगावर काढू नका आणि "व्हायरल असेल" म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य हे सांगा: "मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची रक्त तपासणी करा." पहिला अहवाल निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासायला सांगा.